बॉडी बसवायच्या आधी थांबा

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी चिंचवडला राहतो, वय 46. वाहनांच्या कारखान्यात गिअरबॉक्स असेंब्लीवर 21 वर्षं काढली. लेगो टेक्निकच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे गिअर, पट्ट्या आणि पिना जोडून बांधायच्या, दोन लहान गाड्या बांधल्या आहेत. आता त्यांची मोठी मॅकलॅरन पी1, म्हणजे 42172 क्रमांकाचा संच, मनात बसला आहे. मामेभाऊ डिसेंबरात न्यू जर्सीहून येतोय, 450 डॉलरला आणून देतो म्हणतो. ओव्हरटाइमचे पैसे दीड वर्ष बाजूला टाकलेत. पण आम्हा चार मित्रांत एकमत होत नाही. एक म्हणतो, खोका फोडू नकोस, पाच-सात वर्षांत दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, एवढे पैसे घालून भोकाभोकांची गाडी कशाला, धातूचं तयार मॉडेल घे. तिसऱ्याला हुबेहूब नकली संच सहा हजारांत सापडलाय. बायको म्हणते, शोकेसमध्ये जागा कुठंय? मुलगी आठवीत आहे, तिला यात गोडी आहे. घेऊ का? घेतली तर बांधू की बंद ठेवू? आणि घरी ‘भावाने भेट दिली’ असं सांगितलं तर चालेल का?

उत्तर

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाकीचे प्रश्न पैशाचे आणि प्लॅस्टिकचे आहेत, हा घरातला आहे. नाही, चालणार नाही. ही गाडी कपाटात लपवायची वस्तू नाही. ती वर्षानुवर्षं बैठकीत उभी राहणार, येणारा प्रत्येक पाहुणा ‘कुठून आणली हो?’ विचारणार आणि दर वेळी मुलीच्या देखत तुम्हाला तेच खोटं सांगावं लागणार. मामेभाऊ जेवायला आला की वहिनी त्याचे आभार मानतील, तेव्हा त्यानेही मान डोलवायची. दीड वर्ष ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे आहेत ते. त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणून लपवू नका. वहिनींना पूर्ण आकडा सांगा. तोही 450 नाही. न्यू जर्सीत 6.625 टक्के विक्रीकर लागतो, म्हणजे बिल 480 डॉलरच्या आसपास जाईल. रुपयांत चाळीस हजारांच्या वर.

शिवाय तुमच्या पत्रात वहिनींनी पैशाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. त्यांनी जागेचं विचारलंय, आणि ते अगदी रास्त आहे. बांधलेली पी1 सुमारे 59 सेंटिमीटर लांब, 25 रुंद आणि 13 उंच होते. जवळजवळ दोन फूट. जुने वर्तमानपत्र घ्या, 60 बाय 26 चा तुकडा कापा आणि जिथे गाडी ठेवायचं मनात आहे तिथे आठ दिवस पसरून ठेवा. त्यावर कोणी किल्ल्या ठेवतं का, दार उघडताना कोपरा अडतो का, दुपारचं ऊन तिथवर येतं का, सगळं आठवड्याभरात कळेल. आपल्याकडच्या शोकेसच्या फळ्या बऱ्याचदा फूटभर खोल असतात, त्यामुळे गाडी आडवी मावेल, तिरकी मावणार नाही. कुठल्या फळीवरून काय हलवायचं ते वहिनींना ठरवू द्या.

आता मित्रांकडे येऊ. नकली संचाचं थोडक्यात सांगते. लेगोच्या मूळ विटेचा पेटंट अर्ज 28 जानेवारी 1958 चा. त्या पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे जुळणाऱ्या विटा बनवणाऱ्या इतर कंपन्या आहेत आणि त्यातल्या काही स्वतःच्या रचना करून प्रामाणिकपणे धंदा करतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुसऱ्याची रचना, पुस्तिका आणि खोक्यावरचं चित्र उचलून विकणं ही चोरी आहे. लेपिन नावाने असाच मोठा धंदा चालायचा, 2019 मध्ये शांघायच्या पोलिसांनी त्यावर छापा घातला. तुम्ही तर कारखान्यातले. कोणीतरी महिनोन्‌महिने बसून दात जुळवलेत, त्या माणसाचं चीज व्हायला हवं हे मी तुम्हाला काय सांगावं.

धातूच्या मॉडेलवाल्या मित्राचं म्हणणं मात्र मी गंभीरपणे घेते, कारण त्याने डोळ्यांना दिसतं ते सांगितलंय. टेक्निकची गाडी म्हणजे पट्ट्या, पिना आणि वाकवलेले पत्रे. खऱ्या पी1 ची बॉडी पाण्याने घासलेल्या गोट्यासारखी गुळगुळीत आहे. ती वळणं या तुकड्यांतून पूर्ण येत नाहीत, मध्ये फटी राहतात, पिनांची भोकं दिसतात. चार पावलं मागे सरून पाहिलं तर आकार झकास जमतो, नाकाशी धरलं तर नाही. निव्वळ पाहण्यासाठी हवी असेल तर 1:18 चं, म्हणजे लांबीला खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याचं, धातूचं मॉडेल जास्त देखणं. ते साधारण 25 सेंटिमीटरचं होतं, फळीवर निम्मी जागा खातं आणि धूळही पटकन पुसता येते. आणि विटांचीच पण नितळ दिसणारी गाडी हवी असेल तर त्याच कंपनीची 2023 ची क्लासिक लँड रोव्हर डिफेंडर पाहा, 2336 तुकड्यांची. चौकोनी गाडी चौकोनी विटांत फार छान उतरते. ती आली तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत 240 डॉलर होती, म्हणजे पी1 च्या जवळपास निम्मी. तुमच्या पत्रात ‘दिसायला सुंदर’ असं काही आलं असतं तर मी तुम्हाला तिकडेच वळवलं असतं. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

खोका बंद ठेवायला सांगणाऱ्या मित्राच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांनी 1987 ते 2015 या काळातल्या 2322 संचांच्या किमती तपासल्या. दुसऱ्या हातच्या बाजारात वर्षाला सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास परतावा निघाला. तुमच्या मित्राने बहुधा हाच आकडा कुठेतरी ऐकलाय. पण त्याच अभ्यासात एकेका संचाचा परतावा वर्षाला उणे 50 टक्क्यांपासून अधिक 600 टक्क्यांपर्यंत पसरलेला होता. तुम्ही सरासरी विकत घेणार नाही, एक खोका घेणार आहात.

त्यात कंपनी जुना संच पुन्हा काढू शकते. ताजमहालाचं उदाहरण घ्या. 2008 मध्ये आला, मग बंद झाला, बंद खोक्यांचे भाव चढत गेले आणि 2017 मध्ये कंपनीने तोच ताजमहाल जवळजवळ जसाच्या तसा परत बाजारात आणला. त्याच वर्षी ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतलं मिलेनियम फाल्कन हे यानही परतलं. 2007 चं 5197 तुकड्यांचं होतं, नवं 7541 तुकड्यांचं. जुन्या फाल्कनचे सीलबंद खोके हजारो डॉलरना जात होते, त्यांचे भाव खाली आले. पैसे वाढतील या एकाच आशेवर ज्यांनी ते घेतले होते, त्यांच्या हाती तेव्हा बांधण्याचा आनंदही नव्हता.

आणि आपली हवा. पुठ्ठ्याचा खोका पिंपरी-चिंचवडच्या सात पावसाळ्यांतून न्यायचा. चिकटपट्ट्या सुटतात, पुठ्ठा फुगतो, आतल्या स्टिकरचा गोंद वाळतो. विकायची वेळ आली तर एवढं मोठं खोकं परदेशी पाठवायचा खर्च तुमचा. हे सगळं सांभाळायची तयारी असलेले संग्राहक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडे बारमाही कोरडी खोली असते. तुमच्याकडे आठवीतली मुलगी आहे.

किमतीचं तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही मोठ्या, 1:8 प्रमाणातल्या गाड्यांची मालिका 2016 मध्ये पोर्शे 911 जीटी3 आरएसपासून सुरू झाली. पोर्शे 300 डॉलरना होती. मग 2018 ला बुगाटी शिरॉन 350, 2020 ला लँबॉर्गिनी सियान 380, 2022 ला फेरारी डेटोना 400 आणि 2024 ला ही पी1 450. शिरॉनपासून पुढे तुकडे मात्र 3599, 3696, 3778, 3893 असे शंभर-शंभरानेच वाढले. शिरॉनचा तुकडा साधारण पावणेदहा सेंटला पडायचा, पी1 चा साडेअकराच्या वर पडतो. संग्राहक या ‘तुकड्यामागे किती’ हिशेबावर फार भर देतात. टेक्निकमध्ये मला तो फसवा वाटतो, कारण एवढ्या तुकड्यांत शेकडो तर नुसत्या पिना असतात. पण एकाच मालिकेतल्या पाच गाड्या शेजारी ठेवल्या की चढ स्पष्ट दिसतो. पी1 महाग आहे, हे धरूनच पुढे जाऊ.

तर मग एवढं महाग काय आहे तिच्यात? तुमच्यापुरतं उत्तर एकच आहे: सात गतींचा गिअरबॉक्स. खरी पी1 2013 ते 2015 या काळात फक्त 375 बनली. तिला 3.8 लिटरचं व्ही8 इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि सात गतींचा डबल क्लच गिअरबॉक्स. संचातही व्ही8 आहे, चाकं फिरली की दट्टे वरखाली होतात, आणि सात गती आहेत. डबल क्लच अर्थातच नाही. पण दात तेच काम करतात जे तुम्ही 21 वर्षं रोज करता आहात. आणि या गाडीची खरी अडचणही तिथेच आहे. बांधून पूर्ण झाली की त्या गिअरबॉक्समधलं काहीही दिसत नाही. सगळी बुद्धी, निम्मे पैसे आणि बहुतेक तास बॉडीखाली गडप होतात. बाहेर उरतो तो मित्राने सांगितलेला भोकाभोकांचा आकार. म्हणून निराश होणारे पुष्कळ आहेत. महिनाभर जीव ओतून बांधतात, शेवटचं दार बसवतात, फळीवर ठेवतात आणि पुन्हा हात लावत नाहीत.

माझ्याकडे शिरॉन आहे, 2019 ला घेतलेली. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून ती बांधली. शिरॉनमध्ये पुढचा सांगाडा वेगळा होतो, इंजिन-गिअरबॉक्ससकट मागचा भाग वेगळा, आणि मग दोन्ही एकमेकांना जोडायचे. तुमच्याकडे लाइनवर त्या टप्प्याला मॅरेज म्हणतात, बाबाही तेच म्हणाले. जोडणी झाली, मी चाक फिरवलं, तिसऱ्यापर्यंत सगळं सुरळीत चाललं आणि चौथ्याला चाकं घट्ट बसली. मी लगेच दात तपासायला लागले. बाबांनी माझा हात बाजूला केला. डोळे मिटले, एका हाताने चाक अगदी सावकाश मागेपुढे केलं, दुसऱ्या हाताचं बोट गिअरबॉक्सच्या पाठीवर ठेवलं. “दात ठीक आहेत,” म्हणाले. “निवड चुकली आहे. दोन गिअर एकदम लागतायत.” उघडून पाहिलं तर गिअर निवडणारा खटका मी 90 अंशांनी वळवून बसवला होता. नखाएवढा तुकडा. जवळजवळ दोन तासांचं काम मागे गेलं आणि ते दोन तास माझ्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी आहेत, कारण त्या संध्याकाळी बाबा वर्कशॉपमध्ये नेमकं काय करायचे ते मी पहिल्यांदा पाहिलं. लहानपणापासून फक्त त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास यायचा, एवढंच माहीत होतं.

बॉडी बसवायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “झाकू नकोस इतक्यात.” आम्ही झाकलीच नाही. मागचे पत्रे आजही श्रीखंडाच्या मोठ्या डब्यात आहेत आणि शिरॉन पाठ उघडी टाकून उभी आहे. कोणी आलं की बाबा चाक फिरवून दाखवतात.

म्हणून माझं म्हणणं असं: घ्या, खोका फोडा, मुलीबरोबर बांधा आणि बॉडीच्या पिशव्या आल्या की थांबा. किमान महिनाभर. सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स असाच टेबलावर राहू द्या. तुमचे मित्र येतील तेव्हा त्यांना तो दाखवा, झाकलेली गाडी नव्हे. आठवीत गुणोत्तर आणि प्रमाण झालेलंच असतं. लेगोचे गिअर 8, 12, 16, 20, 24 दातांचे असतात, मोजायला सोपे. आठ दातांच्या गिअरने 24 चा फिरवला तर तीन फेऱ्यांत एक, हे मुलीने बोटाने फिरवून मोजू दे. मग पहिल्या गतीपासून सातव्यापर्यंत कुठून कुठे शक्ती जाते त्याची वाट तिच्याकडून कागदावर काढून घ्या. तुम्ही सांगू नका, तिला शोधू द्या. 2016 च्या पोर्शेत पुस्तिकेप्रमाणे बांधलं तर गती एक, तीन, दोन, चार अशा क्रमाने पडायच्या. हे छंदवाल्या लोकांनीच चाक फिरवून, मोजून पकडलं आणि दुरुस्तीही काढली. म्हणजे पुस्तिका देववाणी नाही, हेही तिला कळू दे. तिला उत्साह आणायचाच असेल तर कंपनीने 2024 मध्ये बनवलेल्या खऱ्या आकाराच्या पी1 ची चित्रफीत दाखवा. 3,42,817 तुकड्यांची ती गाडी मॅकलॅरनचा फॉर्म्युला वन चालक लँडो नॉरिसने इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर पूर्ण फेरी चालवली आहे.

बांधताना एवढं पाळा. पिशव्यांना क्रमांक असतात, एका वेळी एकच क्रमांक फोडा. गिअरबॉक्सच्या पानांवर घाई नको. प्रत्येक उपभाग झाला की चाक फिरवून पाहा, पुढे गेलात की उघडणं जड जातं. काळ्या आणि फिकट राखाडी पिना आकाराने एकसारख्या दिसल्या तरी काळीला घर्षण जास्त असतं, अदलाबदल झाली की सांधे जाम होतात. रात्री ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद राखाडी ओळखताना चूक होते, ते काम सुट्टीच्या दिवशी सकाळी करा. स्टिकर लावायचं काम मुलीकडे द्या, तिची बोटं तुमच्यापेक्षा बारीक आहेत.

आणण्याबद्दल. खेळण्यांवरचं सीमाशुल्क आपल्याकडे 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर, त्यामुळे इथे आयात केलेल्या संचांचे भाव चढे असतात. भावाकडून मागवणं म्हणून समजण्यासारखं आहे. पण त्याला खरं बिल जवळ ठेवायला सांगा आणि निघायच्या आधी प्रवाशाच्या सामानावरची त्या वेळची शुल्कमाफीची मर्यादा त्यानेच तपासावी. विमानतळावर अडचणीत तो येईल, तुम्ही नाही. खोकं अवाढव्य असतं, अर्धी बॅग त्यातच जाईल. तुम्ही बांधणार आहात, तेव्हा पिशव्या आणि पुस्तिका कपड्यांत गुंडाळून आणू दे आणि खोका सपाट करून तळाशी घालू दे. डिसेंबरात येतोय ना? मग नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तिकडे मोठ्या टेक्निक गाड्यांवर इतर दुकानांत सवलती निघतात. त्याला आठवड्यातून एकदा भाव पाहायला सांगा. सवलत मिळाली तर चांगलंच, नाही मिळाली तर ठरल्या पैशांत घ्या.

पुढची निगा फार नाही. थेट उन्हात ठेवू नका, प्लॅस्टिकचा रंग उतरतो. धूळ झाडायला रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो, ओलं फडकं स्टिकरवर नको. दर दिवाळीच्या साफसफाईला दहा मिनिटं काढा.

सांगाडा उभा राहिला की पत्र लिहा. कोणती गती आधी अडकली, आणि ती तुम्ही शोधलीत की मुलीने, तेवढं मात्र नक्की कळवा.